लिमयांनी बंद केलेली कॅसेट

काल ठाण्याच्या एका कॅफेत सुधामामाची जुनी कॅसेट वाजली. माइक हातात धरून लिमये सांगत होते, "हा सोल-फंक अल्बम किती मोठा आहे, हे मी तेव्हाच ओळखलेलं." कॉफीच्या दरवळातही मला त्यांच्या डोंबिवलीच्या हॉलमधल्या उग्र उदबत्तीचा वास आला.

मामा मोहने गावच्या कारखान्यात नोकरी करून जॅझ सॅक्सोफोन वाजवायचा. साठवलेल्या रजा घालवून केलेला हा अल्बम त्याने पहिल्यांदा ऐकवला तो लिमयांच्या जॅझ मंडळात. बेस गिटारचा ठेका सुरू झाला, तशी मामी बसल्या जागी डोलू लागली. दुसऱ्याच गाण्याला लिमयांनी टेप बंद केला.

"सुधाकर, जॅझ सोडून हे असलं? वरातीत वाजव."

सगळे हसले. मामीने मात्र उठून कॅसेट पर्समध्ये टाकली. "चला हो घरी. या लोकांना गाणं ऐकायचं नसतं, ऐकणारे म्हणून मिरवायचं असतं."

मामाने पुन्हा अल्बम केला नाही. आता तो नाहीये, म्हणून लिमयांचं फावलंय.

तेव्हा मला मामी फार तोडून बोलली असं वाटलेलं. काल लिमयांचं भाषण ऐकलं आणि कळलं, बाई भलतीच सभ्य होती.