नऊ खोल्यांचे वासुदेवभाऊ

आमचं अकोल्यात मोटार वाइंडिंग आणि कूलर रिपेअरिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे सत्तारभाईंचं. मी तिथं काम करतो. जळालेल्या मोटारींची तांब्याची तार रोज थोडी थोडी कोपऱ्यातल्या पोत्यात पडते. कोणी लक्ष देत नाही. एक दिवस पोतं उचलायला जावं, तर दोन माणसं लागतात! वासुदेवभाऊंच्या किश्शांचं आमच्याकडं तसंच झालंय.

वासुदेवभाऊ आमचे हेड मिस्त्री. त्यांना आणि शोभावहिनींना दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर पाहिजे. गेली आठ वर्षं दोघं त्यासाठी जमवतात. दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि घरमालक म्हणतो, भाडं वाढवा नाहीतर खोली सोडा. आजवर नऊ खोल्या झाल्या. त्यांची मुलगी पूर्वा तिसरीत आहे. तिला कोणी पत्ता विचारला की ती आधी विचारते, "आताचा सांगू का?"

मी नववीतून शाळा सोडली. चारचौघांत बोलायला अजून लाजतो. पण भाऊंचा विषय निघाला की मला राहवत नाही.

* * *

अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला, त्याला कूलर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आणि ज्या माणसाच्या हाताखालून शहरातले एवढे कूलर जातात, त्याच्याच घरी कूलर नाही! पहिल्याच उन्हाळ्यात मी धीर करून विचारलं, "भाऊ, तुमी झोपता कसे जी?"

"टेस्टिंगवर," भाऊ म्हणाले.

मला काही समजलं नाही. मग हळूहळू कळलं. दुरुस्त केलेला कूलर रात्रभर चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा भाऊंचा नियम. मोटार तापते का, पंप पाणी ओढतो का, सगळं बघायचं. दुकान तर रात्री बंद. म्हणून भाऊ रोज संध्याकाळी एक कूलर हातगाडीवर घालून घरी नेतात आणि सकाळी परत आणतात. विजेचं बिल भाऊंचं, खात्री गिऱ्हाइकाची, गारवा पूर्वाचा. एप्रिल ते जून, रोज नवा कूलर!

सत्तारभाई म्हणतात, "वासुदेव, अख्ख्या अकोल्याचे कूलर तुह्या घरी मुक्कामाले येऊन गेले!"

एकदा एक गुरुजी तावातावानं दुकानात आले. "काय टाकलं होतं हो माह्या कूलरमध्ये? साऱ्या घरात मोगऱ्याचा वास येऊन राहिला!"

भाऊंच्या लगेच ध्यानात आलं. वहिनींनी रात्री टाकीत मोगऱ्याची फुलं टाकली होती, ती काढायची राहून गेली. भाऊ हात जोडून माफी मागायला लागले.

"माफी नका मागू," गुरुजी म्हणाले. "बायकोनं पाठवलं. कोनत्या कंपनीचा सेंट हाय, विचारून या म्हणे!"

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी पुन्हा कूलर घेऊन हजर. मी चालवून पाहिला, तर एकदम ओके. विचारलं, काय बिघडलं?

"काईच नाही बिघडलं. फक्त टेस्टिंग करून द्या!"

* * *

भाऊंनी आठ वर्षांत शर्ट विकत घेतलेला मी पाहिला नाही. त्यांच्याकडं सगळे कंपन्यांनी वाटलेले टीशर्ट. पंपाचा, सिमेंटचा, पाइपाचा. वहिनी त्या टीशर्टांना इस्त्री करतात, त्यामुळं भाऊ कुठल्यातरी मोठ्या हुद्द्यावर असल्यासारखे दिसतात.

एकदा बसस्टँडवर आम्ही दोघं स्पेअर पार्टचं पार्सल घ्यायला उभे होतो. भाऊंच्या अंगात बियाणं कंपनीचा टीशर्ट. मागून एका माणसानं येऊन त्यांचा दंडच धरला.

"सापडले! सोयाबीन उगवलं नाही ना तुमचं! तीन बॅगा पेरल्या म्या!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "दादा, मी कूलरवाला हाय."

"मंग कूलरचा टीशर्ट घाला ना!"

"थो धुवाले टाकला," भाऊ म्हणाले.

तो माणूस आधी बघतच राहिला आणि मग इतका हसला, की त्यानंच आम्हाला चहा पाजला. चहा पिता पिता भाऊंनी स्वतःच्या पाठीवर छापलेला कंपनीचा नंबर मला वाचायला लावला, फोन लावला आणि त्या माणसाची तक्रार नोंदवूनच उठले.

* * *

मध्यंतरी माझ्याही डोक्यात घर शिरलं. आपणही वाचवायचं! पण वाचवायचं कुठून? मी दुपारचं जेवण बंद केलं. नाक्यावरच्या खाणावळीकडं बघायचंच नाही असं ठरवलं.

चौथ्या दिवशी मी एक कूलर जोडला, तर पंखा हवा बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढायला लागला! कनेक्शन उलटं केलं होतं. गिऱ्हाइकाची टोपी जाळीला जाऊन चिकटली.

भाऊंनी कूलरकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. "आज काय जेवला?"

"काई नाही. पैसे वाचवून राहिलो."

भाऊंनी सायकल काढली. कॅरिअरवर बसवून मला सरळ घरी घेऊन गेले. वहिनींनी ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा वाढला. दुसरी भाकर वाढली. तिसरीला मी नको म्हणालो, तेव्हा मात्र त्या तडकल्या.

"उपासानं घर झालं असतं ना, तं आमच्या अंजनगावातल्या साऱ्या म्हाताऱ्या बंगल्यात राहिल्या असत्या! खा गुमान!"

मी खाल्लं. त्या घरात कशाचीही काटकसर होताना पाहिली, ताटात कधीच नाही.

* * *

प्लॉटवाले रविवारी गिऱ्हाइकांना लेआउट दाखवायला फुकट गाडी नेतात. वर पोहे आणि चहा. भाऊ आणि वहिनींचं फिरायला जाणं म्हणजे हेच. वहिनींची मोठी बहीण अमरावतीला असते. त्या बाजूला लेआउट निघाला की वहिनींचा फोन जातो, "ताई, रविवारी येऊन राहिली मी. प्लॉट पाहाले!" मग बहीण तिकडून डबा घेऊन येते आणि दोघी रिकाम्या प्लॉटवर बसून गप्पा मारतात.

एकदा गाडीत जागा होती म्हणून मलाही नेलं. बडनेऱ्याच्या पुढं काळ्या शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या. बाकी लोक मोबाइलमध्ये फोटो काढत होते. वहिनी एका प्लॉटच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"इथं ओटा. खिडकी इकडं, म्हंजे फोडनीचा धूर बाहेर जाईन. इथं पूर्वाचा टेबल, सकाळचं ऊन येते. अन् तुमी थोडे बाजूले सरका. मोरीत उभे हाय!"

भाऊ पटकन बाजूला सरकले. खरं सांगतो, मीसुद्धा सरकलो! तिथं नुसती ढेकळं होती. पण मला ती मोरी दिसली.

आमच्याच गाडीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं हे सगळं ऐकत होतं. त्यांनी वहिनींना आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. देवघर कुठं येईल, जिना कुठून काढावा. वहिनींनी सगळं समजावून सांगितलं. अर्ध्या तासात त्या दोघांनी तोच प्लॉट बुक करून टाकला!

सेल्समन धावत आला. "ताई, दर रविवारी येत जा. डबल नाश्ता देतो!"

परतीच्या गाडीत वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मूर्तिजापूर गेल्यावर भाऊंना म्हणाल्या, "जाऊ द्या. ओटा लहानच पडत होता थो."

* * *

आणि हा किस्सा यंदाच्या मार्चमधला.

बायपासच्या पलीकडं दोन खोल्यांचं तयार घर मिळत होतं. आठ वर्षांच्या जमवाजमवीतून सुरुवातीची रक्कम उभी राहिली होती. उरलेल्यासाठी बँकेचं कर्ज. ते मिळालं तर घर, नाहीतर दहावी खोली. बँकेचा साहेब राहती जागा बघायला येणार, असा फोन आला.

सत्तारभाईंनी डोक्याला हात लावला. "अबे वासुदेव, तुह्या घरात तं खुर्ची नाही! साहेब म्हणीन, ज्याच्याजवळ बसाले काई नाही, थो हप्ता काय भरीन?"

मग धावपळ सुरू झाली. सत्तारभाईंनी स्वतःचा टीव्ही आणला. शेजारच्या काकूंनी फ्रीज दिला, खुर्च्या दिल्या. मी दुकानातून दोन कूलर आणले. भाऊ नको नको म्हणत होते, पण त्यांचं ऐकतो कोण! वहिनींनी पूर्वाला एवढंच सांगितलं, "तू आपल्या जागेवर बसून अभ्यास कर." त्या गर्दीत ती कुठं जाऊन बसली, मला दिसलंही नाही.

साहेब आला. तरुण होता, हातात फाइल, पायात चकचकीत बूट. तसाच आत आला. फ्रीजकडं पाहिलं, टीव्हीकडं पाहिलं.

"फ्रीज कधी घेतला?"

भाऊंनी सत्तारभाईंकडं पाहिलं. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "फ्रीज शेजारच्या काकूचा हाय. टीव्ही ह्या भाईचा. कूलर गिऱ्हाइकाचे."

सत्तारभाईंनी डोळेच मिटून घेतले. साहेबानं पेनाचं टोपण लावलं.

"मग या खोलीत तुमचं स्वतःचं काय आहे?"

वहिनी कोपऱ्यात गेल्या. तिथं वरपासून खालपर्यंत एक चादर टाकलेली होती. आजवर मी समजत होतो, मागं अंथरुणं असतील. वहिनींनी चादर ओढली.

दरवाजा होता. सागवानी, चौकटीसकट, पितळी कडीसकट. भिंतीला तिरपा टेकवून ठेवलेला, मागं माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"माह्या बाबानं लग्नात मले वावराच्या धुऱ्यावरचं सागाचं झाड देल्लं. त्याचा करून घेतला," वहिनी म्हणाल्या. "नऊ खोल्या फिरला आमच्यासंगं. लावाले कुठी भेटला नाही."

साहेब पुढं झाला. त्यानं लाकडावरून बोटं फिरवली. मग आतून पोकळ आहे की भरीव, ते बघायला बोटाच्या पेरांनी तीनदा ठोकलं.

टक, टक, टक.

दरवाजाच्या मागून पूर्वाचा आवाज आला, "कोन हाय?"

साहेब दचकला. "मी... बँकेतून आलोय."

"थांबा. बूट बाहेर काढून या!"

साहेब मागं वळला, खोलीच्या बाहेर गेला आणि खाली बसून बुटाच्या लेस सोडायला लागला.