आण्णांनी आधी भिंत बांधली

पार्श्वनाथ आण्णांचं दुकान त्यांच्या भिडस्त स्वभावानं बुडालं, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. प्लेगच्या साथींत निम्मं कोल्हापूर माळावर झोपड्या घालून राहिलं आणि आण्णांचं कापडाचं दुकान महिनोन्महिने बंद पडलं. साथ ओसरल्यावर उधारी वसूल करायला निघावं, तर ज्यांच्याकडे ती होती त्यांतली कितीतरी माणसं उरलीच नव्हती. मेलेल्याच्या दारात उभं राहून ‘तुमच्या बाच्या धोतरजोडीचं राहिलंय’ असं आण्णांच्या तोंडून निघेना. याला लोक भीड म्हणतात. मी माणुसकी म्हणते, आणि या वयात माझं म्हणणं बदलायची माझी तयारी नाही.

त्यांच्या घराची रचना अशी होती: पुढे दुकान, मागे काळोखी कोठी, आणि कोठीच्या भिंतीपलीकडे आमची एक खोली. खोलीत आम्ही तिघं. आई हुसेनबी शिवणकाम करायची, मी फातिमा सात वर्षांची, आणि माझा भाऊ इमाम दोनचा. बाप प्लेगात गेला होता. ती मधली भिंत जुन्या कागदांप्रमाणे आण्णांची. उंदरांनी तिचा पाया पोखरला आणि तिला आमच्या बाजूनं पोट सुटलं. खोली इतकी अरुंद, की अंथरूण त्या पोटाखालीच पडायचं. आण्णांची ओढाताण आईला दिसत होती, म्हणून ती बोलायची नाही. इमामला मात्र ती भिंतीपासून लांब, स्वतःच्या पोटाशी घेऊन झोपायची.

एकदा आण्णा इमामसाठी टोपडं शिवायला कापडाचा तुकडा घेऊन आले. दारातच थांबले. भिंतीकडे बघितलं, झोपलेल्या पोराकडे बघितलं, आणि तुकडा आईच्या हातात देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते दिवाळं जाहीर करण्याबद्दल विचारायला वकिलाकडे गेले. तिथं काय झालं ते मला पुढे त्यांच्या बायकोनं, त्रिशलाअक्कानं, सांगितलं. वकील म्हणाले, “नादारीचा अर्ज दिलात की घरातला खिळासुद्धा तुमचा राहणार नाही. आणि आता हातातले पैसे खर्च केलेत, तर घेणेकरी म्हणतील बुडव्यानं पैसे उडवले. अर्ज फेटाळला गेला तर तुरुंग आहे, आण्णा.”

“आन भिंत?” आण्णांनी विचारलं.

“भिंतीचं तुम्हाला काय? घर तर लिलावातच जाणार.”

“पलीकडं पोरं निजत्यात,” आण्णा म्हणाले आणि उठले. येताना बाबालाल गवंड्याला सांगूनच घरी आले.

आता घोटाळा झाला तो असा. भिंत पाडून नवी बांधायची होती, तेव्हा अक्कानं दुकानातली गादी मातीनं खराब होऊ नये म्हणून उलटी करून ठेवली. कोठीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, म्हणून बाबालालनं उजेड मागितला. अक्कानं समई पेटवून दुकान आणि कोठीच्या मधल्या उंबऱ्यावर ठेवली. अक्का कागलकडच्या शेतकऱ्याची लेक. पेठेची रीत तिला कुठली ठाऊक? व्यापारी बुडाला की तो गादी उलटी करतो आणि भरदिवसा दुकानात दिवा लावतो. तो दिवा दिसला, की दिवाळं निघालं हे सांगावं लागत नाही. आण्णा तेव्हा चुना आणायला गेले होते.

तासाभरात दुकानापुढे घेणेकऱ्यांची गर्दी. सगळ्यांत पुढे दादासो. घाऊक कापडाचा व्यापारी, आण्णांचं सर्वांत मोठं देणं त्याचंच, आणि आवाज तर असा की बोलला तरी भांडल्यासारखा वाटे.

“पार्श्वा, भाईर ये. दिवा लावलास, आता तोंड तरी दाखव की.”

“त्ये चुना आणाय गेल्यात,” अक्का कशीबशी म्हणाली.

“आमाला लावून संपला व्हय?”

लोक हसले. तेवढ्यात आण्णाच आले, डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन. ज्या माणसानं कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती, त्याच्या पागोट्यावरून चुना ओघळत होता. त्यांनी गादी पाहिली, दिवा पाहिला, अक्काचा पांढराफटक चेहरा पाहिला. तिला एका शब्दानं बोलले नाहीत.

“दिवा हिनं गवंड्यासाठी लावलाय,” ते म्हणाले. “पर खोटा न्हाय. चार दिसांनी मीच लावणार हुतो.”

“मग ह्यो गवंडी कुणाच्या पैशानं?”

“तुमच्याच. भिंत झाली की अर्ज देतो. आधी दिला तर ही भिंत कुणाचीच न्हाय. आन पडंल ती पलीकडच्या पोरांवर पडंल.”

दादासो तरातरा कोठीत शिरला. भिंतीला भगदाड पडलं होतं आणि त्यातून मी इमामला मांडीवर घेऊन बघत बसले होते. आमची नजरानजर झाली.

“पोरी, तुजा बा कुटं हाय?”

“प्लेगात गेला,” मी म्हणाले.

तो मागं वळला आणि निघून गेला, तेव्हा बाकीचेही पांगले. तीन दिवसांत भिंत उभी राहिली आणि चौथ्या दिवशी आण्णांनी अर्ज दिला.

कोर्टात आई मलाही घेऊन गेली. भिंतीबद्दल विचारलं तर सांगावं म्हणून. बाळासो नावाच्या एका घेणेकऱ्यानं हरकत घेतलीच. बुडणार हे ठाऊक असून तेवीस रुपये भिंतीत घातले, ही फसवणूक आहे, अर्ज फेटाळा. न्यायाधीशांनी आण्णांना विचारलं, हे खरं का? आण्णा मान खाली घालून म्हणाले, “व्हय, खरं हाय.” आईनं माझा हात इतका घट्ट धरला की मला रडू आलं.

तेव्हा मागून दादासो उठला. “सायेब, त्ये तेवीस रुपय लिलावातल्या माज्या वाटणीतनं वजा करा.”

“तुमच्या का?”

“भिंत मी बांदली म्हणून लिवा. मंग ह्यानं कुणाचं काय उडवलं?”

न्यायाधीशांनी बाळासोकडे बघितलं. तो खाली बसला. अर्ज मंजूर झाल्याचं लिहायला कारकुनाची लेखणी चालू लागली.

दुकान बुडालं तेव्हा आण्णा रडले नव्हते. त्या दिवशी कोर्टात, सगळ्यांदेखत, पागोट्याच्या शेवानं तोंड झाकून ते रडले, आणि दादासो एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, त्यांच्याशेजारी गप्प उभा राहिला.