सरदाराचा उघडा तळहात

आखातात रास तनुराजवळच्या आमच्या रिफायनरी कॅम्पच्या हॉलमध्ये, कॅरम बोर्डामागच्या भिंतीवर, एक इंग्रजी सरदार उभा आहे. तो मी काढला. त्याचं चिलखत तेलाच्या टाक्यांना मारतात त्या चंदेरी रंगाचं आणि हाताला बांधला जाणारा शेला फायर लाइनच्या, म्हणजे आग विझवायच्या पाइपांच्या, लाल रंगाचा. गावाकडे मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, इथे आलो ते पाइप रंगवायला. ब्रश तोच, पण इथे त्याला कुणी कला म्हणत नाही.

चित्राची कल्पना आमच्या रंगाच्या इन्स्पेक्टरची. म्हातारा इंग्रज, स्वभावाने खवट. खिशात खडू घेऊन फिरायचा आणि रंग चुकला तिथे गोल काढायचा. गोल म्हणजे तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवायचा. रिटायर व्हायच्या आधी एकदा त्याने मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलाच्या काचेखालचं चित्र दाखवलं. किल्ल्याच्या दारात एक बाई लढाईला निघालेल्या सरदाराच्या हाताला शेला बांधतेय, मागे घोडा. दंतकथा कित्येक शतकांपूर्वीची, तो म्हणाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणी तिच्यावर कविता केली आणि ती कविता वाचून कुणी हे चित्र काढलं. लहानपणी त्याच्या घरात ते लावलेलं होतं. जायच्या आधी त्याला ते एकदा मोठं बघायचं होतं.

"हा परत येतो का?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं. इतक्या वर्षांत त्यालाही ती कळायला लागली होती.

"कवितेत नाही येत," तो म्हणाला.

मला रागच आला. घरबसल्या कविता करणाऱ्याचं काय जातं माणसाला मारायला!

राग यायला कारण होतं. चार महिन्यांपूर्वी मी सुट्टीवरून परतलो तो बायकोशी भांडून. ही शेवटची खेप, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा तिला न विचारता कंपनीला होकार देऊन बसलो. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी आणि ही दह्याची वाटी घेऊन उंबऱ्याशी. सुखरूप परत यावं म्हणून निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात, तेवढं तरी तिला करायचं होतं. मी हात पुढे केला नाही. "उशीर होतोय," म्हणालो, आणि वर "येतो" म्हणायचं सोडून "जातो" म्हणालो. शुद्ध गाढवपणा.

तेव्हापासून ती फोनवर येत नव्हती. मुलगी फोन घ्यायची. "आई विचारतेय, बीपीची गोळी चालू आहे ना?" मागून भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच काय तो तिचा. ती फोनपासून चार हातांवर असायची आणि मला तिच्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तर ते चित्र. तीन शुक्रवार लागले, इथली सुट्टी शुक्रवारी. आमचा रंग दोन डब्यांचा. एकात दुसरा मिसळला की तीनचार तासांत वापरून संपवावा लागतो, नाहीतर डब्यातच दगड होतो. आणि भिंतीवर वाळला की ग्राइंडर लावल्याशिवाय निघत नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी चेहऱ्यांचा आणि हातांचा रंग कालवला आणि घाईघाईत ते सगळं उरकलं. जेवून, झोप काढून परत आलो तर आमच्या खोलीतला चिपळूणचा वेल्डर भिंतीसमोर उभा.

"दह्याला हात केलाय काय रे ह्याने?"

मी बघितलं. मूळ चित्रात सरदाराची मूठ आवळलेली, पालथी. माझ्या सरदाराने हात उताणा धरला होता, तळवा थोडा खोलगट, बोटं जुळवलेली. मी तसा काढायचा ठरवला नव्हता, आईशपथ. रंग तोवर कडक झाला होता.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. बराच वेळ बघत राहिला, मग खिशातून खडू काढून हातापाशी नेला. मी घाईने त्याला दह्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता उंबऱ्याचं, रिक्षाचं, सगळंच सांगून टाकलं. नको त्या माणसासमोर डोळ्यांत पाणी आलं. त्याने खडू परत खिशात टाकला.

"आमच्या कवीला हे दही माहीत नव्हतं," म्हणाला आणि चहा प्यायला गेला. हात तसाच राहिला.

मी फोटो काढून मुलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

शुक्रवारी दुपारी फोन आला. मी "बोल गं बाळा," म्हणालो, तर पलीकडून बायकोचा आवाज.

"हात केलाय पुढे. वाटी कुठेय?"

चार महिन्यांनी हा पहिला शब्द.

"मूळ चित्रात नाहीये," म्हणालो.

"मूळ चित्रात तो हात तरी तसा आहे का?"

"नाही."

"मग काढा वाटी."

मी भिंतीकडे बघितलं. "त्या बाईचे दोन्ही हात शेल्यात गुंतलेत. कुठे काढू?"

या वेळी मागे भांडी वाजत नव्हती.

"उंबऱ्यावर काढा," ती म्हणाली. "तिथेच ठेवली होती मी. संध्याकाळपर्यंत उचलली नव्हती."