खैरनार सर आणि कुंकू लावलेल्या डिस्क

खैरनार सरांविरुद्ध माझी तक्रार चपलांची आहे, आणि त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथातही ती मी मागे घेणार नाही. नव्वदच्या दशकात सिल्वासातल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात मी रंगखात्याचा सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा तिथला संगणक सांभाळणाऱ्या सरांच्या आधी ओळख झाली ती त्यांच्या संगणकाच्या खोलीवरच्या पाटीची: 'चपला बाहेर.' देव्हाऱ्यालाही एवढं सोवळं नसेल.

परिणाम असा की लोक त्या यंत्राला खरंच देव मानू लागले. एका दसऱ्याला सर नाशिकला घरी गेले होते. आमच्या इलेक्ट्रिशियन बापूंनी पूजेसाठी सर्व्हरच्या चारही डिस्क बाहेर काढल्या, पुसल्या, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि हाताला येतील तशा परत खोचल्या. एकीत नारळाचं पाणी गेलं. सर्व्हर उठेना. रंगांच्या सगळ्या कृती त्यात होत्या. कागदावरच्या, संगणक आल्याच्या आनंदात रद्दीत गेल्या होत्या. टेपवरची नक्कल पावसाळी बुरशीने खाल्ली होती. कृती गेल्या तर रंगखातं बंद आणि आम्ही सगळे घरी.

सर परतताच बापूंनी दारातच विचारलं, "सर, आमनं काय व्हई आते?"

"आधी बसा बापू. पाणी प्या."

पडद्यावर यंत्र विचारत होतं, सगळं नव्याने मांडू का? मॅनेजर शहासाहेब घायकुतीला आले होते. "खैरनारभाई, हो बोला ने!"

"साहेब, हो म्हटलं की डिस्क कोऱ्या. मग कारखान्याला रोजच दसऱ्याची सुट्टी."

एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात, पण आपापल्या जागी बसल्या तरच. सरांनी तिघींची दुसऱ्या मशीनवर जशीच्या तशी नक्कल घेतली. मग काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत नकलेतला क्रम बदलून पाहू लागले. मोरपंखीची कृती अर्ध्यावर तुटायची आणि मध्येच चॉकलेटी सुरू व्हायची. पुन्हा क्रम बदल, पुन्हा चॉकलेटी. अखेर मोरपंखी शेवटच्या ओळीपर्यंत सलग उतरली. शहासाहेब मटकन खुर्चीत बसले. बापू रडले. मला इतकं हायसं वाटलं, की एरवीची एक खोचक टिप्पणीही सुचेना.

अहवालात सरांनी कारण लिहिलं, 'ओलावा.' बापूंचं नाव नाही. पुढच्या दसऱ्याला त्यांनी बापूंनाच पूजेला बोलावलं; फक्त कुंकू दाराच्या चौकटीला लावायला सांगितलं.

त्या आनंदाच्या गर्दीत बाहेरच्या माझ्या चपला कुणीतरी घालून गेलं. सरांनी आपल्या स्लिपर पुढे केल्या. "तुम्हाला डोकमर्डीपर्यंत घरी चालत जायचंय. मला अजून इथंच बसायचंय." त्या मी झिजेपर्यंत वापरल्या.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गुडघे आणि विनोदबुद्धी दोन्ही शाबूत राहोत. या लेखासाठी फोटो मागायला परवा त्यांच्या घरी गेलो. दारात चपलांची रांग होती. त्यांच्या मापाची नवी जोडी मी त्या रांगेत ठेवली, माझ्या चपला काढल्या आणि मग बेल वाजवली.