मीटर रूममधल्या यंत्राची विश्रांती

आमच्या मल्लेश्वरमच्या इमारतीत सोळा घरं. मागच्या बाजूच्या तळमजल्यावर एक अक्का आणि त्यांचे यजमान राहतात. मागच्या वर्षी यजमानांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. वाचा-उपचार करणाऱ्या बाई हुबळीच्या. आठवड्यातून दोनदा, व्हिडिओवर, चाळीस मिनिटं. पण त्या घरात मोबाइलला रेंज नाही, आणि केबलवाले सहा महिने 'नाळे', म्हणजे उद्या, म्हणत होते.

मग मी पाच जुने कॉम्प्युटर जमवले. प्रत्येकावर लिनक्स घातलं, वायरलेसचं कार्ड बसवलं आणि एकाने दुसऱ्याला माहिती पोचवायची अशी व्यवस्था लावली. पहिला माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, इंटरनेटच्या जोडणीपाशी, दोन जिन्यात, चौथा मीटर रूममध्ये, पाचवा अक्कांकडे. सगळ्यांना मी ऐटीत सांगत होतो, हे जाळं आहे, एक बंद पडला तरी दुसरा वाट काढतो.

अकरा बैठका नीट झाल्या. यजमान 'नी' म्हणायला लागले. पुढचं अक्षर 'रु'. नीरु, पाणी.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं, तुमच्या डब्यालाही पूजा करू ना? मी चालता चालता 'सरी', म्हणजे ठीक आहे, म्हटलं. मला वाटलं, कुंकू लावतील.

बाईंनी सुट्टी असूनही पूजेच्या दिवशी अकराची वेळ दिली होती. मी हेब्बाळला भावाकडे गेलो होतो. दोनला परत आलो तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अण्णा, चाळीस मिनिटं ते काळ्या पडद्यासमोर तोंड उघडून बसले होते."

मीटर रूममधल्या कॉम्प्युटरला हळद, कुंकू, झेंडूचा हार. वर लिंबू. प्लग काढलेला. शेजारी पाण्याच्या पंपालाही तेवढंच कुंकू, तसाच हार. पंप मात्र धडधडत चालू होता.

मी सेक्रेटरींना खाली बोलावलं. ते म्हणाले, आज हत्यारांना विश्रांती द्यायची असते, तुमच्यातही असेलच. "एक दिवस, सार. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या."

"मग पंपाला विश्रांती का नाही दिली?"

"पाणी लागतं ना सगळ्यांना."

सगळ्यांना! सोळा घरांना लागतं ते चालू ठेवायचं, एका घराला लागतं ते हार घालून बंद करायचं. माझा आवाज चढला. चार दारं उघडली, त्याची मला लाज नाही.

पण हिशेब पुरा मांडायचा तर माझी चूकही मांडली पाहिजे. खंडेनवमीला आमच्या वडिलांच्या लेथला कुणी हात लावत नसे. मला माहीत होतं, तरी 'सरी' म्हटलं. आणि ज्याला मी जाळं म्हणत होतो, ती पाच कड्यांची साखळी होती. एक कडी निघाली की संपलं. हे न कळायला मी काही अडाणी नव्हतो.

बाई नंतर रजेवर गेल्या. पुढची बैठक एकोणीस दिवसांनी. तेवढ्यात यजमानांचा 'नी'सुद्धा गेला.

मी सहावा कॉम्प्युटर मागच्या गच्चीवर, पत्र्याखाली बसवला. आता मीटर रूममधला बंद केला तरी वरून वाट आहे; तीनदा प्लग काढून पाहिलं. सेक्रेटरी वर आले आणि हसत म्हणाले, दोन माणसांसाठी किती डबे, सार?

"सहा," मी म्हटलं. "मोजून ठेवलेत. एकालाही हात लावू नका."