गढीची पांढरी माती

आमच्या कर्जतकडच्या गावात घरं सगळी धाब्याची, वर सपाट मातीचं माळवद. मे महिना आला की बायका कुदळी-पाट्या घेऊन पडक्या गढीकडं निघायच्या, तिथली पांढरी माती आणून माळवदावर घालायला. शेतातली काळी माती भेगाळते आणि घर गळतं. गढीची पांढरी एकदा चोपून बसवली की थेंब आत येत नाही. गढी बांधणाऱ्यांनी खाली घडीव दगड चुन्यात बसवला होता आणि वर याच मातीचा बुरूज चढवला होता. खालचा दगड गावानं कधीच काढून नेला, कुणी उंबऱ्याला, कुणी गोठ्याला. वरची माती ऊन खाऊन अशी टणक झालेली की कुदळ लागेना. मग सगळ्याजणी बुडातूनच उकरायच्या. बुरुजाच्या पोटात माणूस उभा राहील एवढी कपार झाली होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं!

दुष्काळाचं साल होतं. धाकट्या जावेचं आणि माझं बोलणं बंद होतं. चुलीपुढचं भांडण, दुसरं काय! तिला सहावा महिना लागलेला, म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, हिला घरी ठेवा. त्यावर ती हट्टानं आली आणि माझ्या आधी कपारीत शिरली. मी बाहेर बसून पाटी भरू लागले.

माझ्या हातावर भुरभुर माती पडली. वर पाहिलं तर बुरुजाला उभी चीर, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत रुंद होत होती.

"भाईर ये!" मी ओरडले. कुदळ चालूच. "अगं बये, निघ भाईर, बुरूज येतोय!"

"हुकूम सोडायची सवयच हाय तुमाला," आतून उत्तर आलं.

रागानं माझं डोकं सणकलं. मी आत शिरले, तिचा अंबाडा धरला आणि ओढत सुटले. तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली. मी सोडते होय! आम्ही भेलकांडत बाभळीपाशी पोचलो आणि मागं धाडकन आवाज झाला. धुरळा बसला तेव्हा कपार नव्हती. आमच्या पाट्या, कुदळी सगळं खाली गेलेलं.

ती मटकन बसली, दोन्ही हात पोटावर.

"हलतंय का गं?" मी विचारलं. माझा जीव अर्धा झाला. तिनं माझा हात ओढून पोटावर दाबला, आणि आतून लाथ बसली.

तोवर गढीच्या पलीकडं उकरणाऱ्या बायका धावत आल्या. आमची चौकशी केली, आणि लागल्या की पाट्या भरायला! आयती मोकळी माती पडली होती ना. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर धाकटीनंच उठून एकीच्या हातची पाटी हिसकली.

"भरा, बाई," ती मला म्हणाली. "ही माती मला गाडाय निघाली हुती. आता माळवदावर घालून कशी तुडवते बघा."

मी हमसून हमसून रडले, आणि रडत रडतच पाटी भरली.