चौदा खुर्च्या आणि एक पाहुणी

मी एकटी फिरते. गजबजलेल्या लॉजपेक्षा जुन्या, शांत गल्लीतली खोली मला बरी वाटते. तशी एक खोली मला खुर्च्या विणणाऱ्या मावशीकडे मिळाली. खाली तिचं काम, वर मी. बारा दिवसांचं ठरलं होतं.

शांत गल्लीला कान मात्र फार. चौथ्या दिवशी सकाळी मावशीचे थोरले दीर आले. ते गल्लीतल्या वाचनालयाचे अध्यक्ष. गल्लीचेही आपणच, असा त्यांचा समज. माझ्याकडे न बघता त्यांनी माझी चौकशी केली. नवरा कुठे, भाऊ कुठे, बरोबर कोण?

"एकटीच आहे," मावशी म्हणाली आणि ओल्या वेताची पट्टी भोकातून ओढत राहिली.

संध्याकाळी सभा आहे, दीर म्हणाले. पाहुणी गेली नाही, तर गल्लीतलं एकही काम तुझ्याकडे येणार नाही, असा ठराव होईल.

मी बॅग भरायला घेतली. माझ्यापायी तिच्या पोटावर पाय नको. मावशी वर आली आणि बॅगेतले कपडे काढून पुन्हा दोरीवर टाकू लागली. कपडे टाकता टाकता ती रागाने सांगू लागली. नवरा गेला तेव्हा याच लोकांनी तिच्यासाठी सभा भरवली होती. एकटी बाई दाराबाहेर बसून खुर्च्या विणणार, शोभतं का? ती घाबरली आणि तीन महिने दार लावून आत विणत बसली.

"ते तीन महिने अजून झोंबतात मला," ती म्हणाली. "आज तुला जाऊ दिलं, तर मी पुन्हा दाराआड गेले असं समज."

संध्याकाळी दीर पुन्हा आले, जरा नरमून. सभेला खुर्च्या हव्या होत्या. वाचनालयाच्या चौदाच्या चौदा खुर्च्या त्यांनीच मावशीकडे विणायला धाडल्या होत्या, आणि सभा बोलावताना ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मावशीने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे चौदा सांगाडे उभे होते, बसायच्या जागी नुसती पोकळी.

"न्या की, भाऊजी," ती म्हणाली.

सभा उभ्यानेच झाली. एकूण एक सभासद गुडघेदुखीचा धनी. मावशीने घरच्या दोन खुर्च्या नेल्या. एकीवर मला बसवलं, दुसरीवर स्वतः बसली. मला आधी लाज वाटली, मग मजा वाटू लागली. ठराव निम्मा वाचून होतो न होतो तोच कोणीतरी कण्हत म्हणालं, की हे निवांत बसून ठरवू. सगळ्यांना ते लगेच पटलं.

"खुर्च्या कधी देतेस?" भिंतीला टेकत दीरांनी विचारलं.

"आठ दिवसांनी. ही आपल्या मनाने निघेल त्या दिवशी."

ते आठ दिवस मी मावशीशेजारी, दाराबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसले आणि विणायला शिकले. बोटं सोलून निघाली. निघायच्या सकाळी दीर हातगाडीवाल्याला घेऊन आले. अध्यक्षांची खुर्ची त्यांनी दोनदा दाबून पाहिली.

"निर्धास्त बसा, भाऊजी," मावशी म्हणाली. "या एकटीने विणली आहे."

दीर क्षणभर तसेच उभे राहिले. पण गुडघे ऐकेनात. बसले.